मंदीत डोकं ठिकाणावर कसं ठेवता? (मशीन शॉप, उद्यमनगर)

लेथवाला_उद्यमनगर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये माझं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), एक जुना लेथ, एक रेडियल ड्रिल. पंपाच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) जॉबवर्क करतो. कास्टिंग पंप कंपनीचं, मशीन माझं, रेट नगावर. तीन माणसं कामाला आणि चौथा मी.

दिवाळीनंतर कंपनीचं शेड्यूल, म्हणजे महिन्याला किती नग हवेत तो आकडा, उतरत उतरत निम्म्यावर आलंय. एक तारखेला शेड्यूल येतं, दहा तारखेला मेल येतो की पुढचं कळवेपर्यंत थांबा, आणि वीस तारखेला फोन, की अर्जंट तीनशे नग संध्याकाळच्या टेम्पोत टाका. पेमेंटचं काढलं की 'वरनं आलं की सोडतो'. आपला जीएसटी मात्र पैसे येवोत न येवोत, २० तारखेला भरायचाच.

हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, उद्यमनगरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर हेच ऐकायला मिळतं. मला विचारायचंय ते वेगळं. केबिनमधून बाहेर आलो की तिघंही आधी माझ्या तोंडाकडं बघतात, मग मशीनकडं. सेटर (मशीनवर काम लावून देणारा) जुना माणूस, कधी झाडूला हात लावला नाही त्यानं. परवा मशीन बंद होतं तर गडी गुपचूप बर (धातूचा कीस) गोळा करून फरशी झाडत होता. काम आहे असं मला दाखवायला का स्वतःला दाखवायला, कोण जाणे. त्याची पोरगी बारावीला आहे. मला ते बघवेना, मी उगीच बँकेत जायचंय म्हणून बाहेर पडलो.

घरी वडील म्हणतात, दम धर. बायको काही विचारतच नाही, ते जास्त लागतं. मित्र रील पाठवतात, सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे' म्हणा म्हणून. आरशात मला दाढी वाढलेली दिसते, बाकी काही नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारावी म्हटलं तर तिथंही निम्मे धंद्यातलेच, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, 'काय म्हणतंय मार्केट?'

तर ज्यांनी अशी मंदी धंद्यात बसून काढलीय त्यांनी सांगा. सुविचार नकोत, व्हॉट्सअपवर भरपूर येतात. तुम्ही दिवसभरात नेमकं काय करत होता, ते सांगा.

पंचगंगा_घाट

भावा, मंदी असो नाहीतर तेजी, रविवारचं मटणाचं ताट चुकवायचं नाही. तांबड्याच्या दोन वाट्या पोटात गेल्या की मग बघू काय ते. बाकीचं जाणकार सांगतीलच.

उडान_कोल्हापूर

मोठा विचार करा दादा! जॉबवर्कमध्ये अडकून राहू नका. आपली कोल्हापुरी चप्पल बघा, जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीच्या फॅशन शोमधून थेट मिलानला पोचली, जगभर चर्चा झाली. स्वतःचा ब्रँड काढा, एक्स्पोर्ट करा. मंदी फक्त मनात असते.

गोकुळशिरगाव_८७

वरच्या उडानरावांना नमस्कार. चप्पल मिलानला पोचली, पण सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता पोचली. २०१९ सालची जीआय नोंद (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) हातात होती म्हणून इथनं आवाज उठवता आला आणि कंपनीला ते कबूल करावं लागलं. म्हणजे तिथंही कामी आला तो कागदच. आणि पगार पुढच्या सात तारखेला द्यायचा असतो, तेवढ्यात ब्रँड निघत नाही.

आता लेथवाल्याशी बोलतो. वयानं लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. ८७ साली एका जुन्या लेथवर सुरुवात केली, आता पोरगा बघतो. २००८ च्या दिवाळीला शेड्यूल पंधरवड्यात आडवं झालेलं बघितलंय. २०१९ ला ऑटो (गाड्यांचं मार्केट) पडलं, त्यातच ऑगस्टमध्ये महापूर, शिरोलीत हायवेवर पाणी, कास्टिंग भरलेला टेम्पो अलीकडं आणि गिऱ्हाईक पलीकडं. त्यातनं डोकं वर काढतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन. या सगळ्यात मी आनंदी होतो असं म्हणालो तर आमची ही इथं येऊन खोडून काढेल.

झोप का लागत नव्हती, ते सांगतो. डोक्यातला आकडा ठरत नव्हता. रात्री दोनला वाटायचं पाच लाखाचा खड्डा आहे, सकाळी वाटायचं दोनचा असेल, दुपारी एखाद्याचा फोन आला की परत सात. ही शाळेत मास्तरीण होती, तिनं एक दोनशे पानी वही दिली आणि म्हणाली, तोंडानं सांगू नका, लिहून दाखवा. तेव्हापासून मंदी आली की वही निघते.

पहिल्या पानावर, मशीन बंद असलं तरी जाणारा पैसा. भाडं, हप्ता, पगार, लाईट बिलातला स्थिर आकार, आणि घरखर्चही इथंच, कारण आपल्यासारख्यांचं घर शेडवरच चालतं. दुसऱ्या पानावर, एक नग केला तर जाणारा पैसा: इन्सर्ट (कापायची टोकं), लाईट, कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल), टेम्पो. पगार इथं धरायचा नाही, तो पहिल्या पानावर आलाय. तिसऱ्या पानावर येणं. नुसता आकडा नको. बिल नंबर, तारीख, आणि त्या कंपनीत ते बिल आज कुणाच्या टेबलावर पडलंय, ते नाव. चौथं पान लागत नाही. ही तीन पानं भरून इथं टाक, मग पुढचं बोलू.

दुसरी गोष्ट. आपल्यापर्यंत येणारी मंदी खऱ्या मंदीपेक्षा मोठी दिसते. समज, पंपवाल्याची विक्री १० टक्क्यांनी पडली. तो लगेच १० टक्के कमी मागवत नाही. आधी गोडाऊनमधले तयार पंप संपवतो, मग असेंब्लीतलं मशीन झालेलं कास्टिंग संपवतो, आणि तोपर्यंत तुझं शेड्यूल निम्मं, नाहीतर शून्य. तिकडं विक्री अजून ९० टक्के चालू असते. त्याचा साठा संपला की शेड्यूल परत येतं, तेही असंच अचानक, आणि तेव्हा तुझ्याकडं माणूस नसतो. तुझ्या बाबतीत हेच आहे का, ते केबिनमध्ये बसून कळणार नाही. गिऱ्हाइकाच्या यार्डात जा. पेमेंट मागायला नको, मालाचं डिलिव्हरी चलन द्यायला म्हणून जा. डिस्पॅचला किती तयार माल थप्पीला लागलाय बघ. मागच्या महिन्यापेक्षा थप्पी उतरली असेल तर साठा संपत आलाय. थप्पी वाढत असेल आणि वर पत्र्यावर धूळ असेल, तर मात्र गिऱ्हाइकाचाच माल उठत नाहीये, आणि तुला दुसरं काम शोधायला आजच बाहेर पडायचंय.

दुसरं काम म्हणजे कुठलं? आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, मार्च-एप्रिलला पट्टा पडतो म्हणजे हंगाम संपतो, आणि मग पुढचे पाच-सहा महिने सगळी गिरणी उघडून दुरुस्ती. शाफ्ट, गनमेटलचे बुश, कपलिंग, पिना, पंपाचे स्लीव्ह. नग थोडे, प्रत्येकाचं माप वेगळं, सीएनसीला कंटाळा आणणारं काम. पण तुझ्याकडं जुना लेथ आहे आणि जुना सेटर आहे, त्याच्या हातचं हे काम. कोटेशन सीझन संपायच्या आत टाकायला लागतं, पेमेंट उशिराच येतं हे धरूनच रेट काढायचा. २०१९ ला ऑटो बसलं तेव्हा आमचा लेथ यावर चालला. पैसा फार सुटला नाही, पण शेडमध्ये मशीनचा आवाज होता, आणि आवाज असला की माणसं तुझ्या तोंडाकडं बघत नाहीत.

उद्यमनगरचंच बघ की. ते उभं राहिलं ऑइल इंजिन आणि त्याच्या सुट्या भागांवर. गावोगाव वीज गेली, इलेक्ट्रिक पंप आले, इंजिनाचं गिऱ्हाईक आटलं. जे फक्त इंजिनाचेच भाग करणार म्हणून बसले त्यांच्या शेडला आता दुसऱ्याच पाट्या आहेत. बाकीच्यांनी तीच मशीनं पंपाला, व्हॉल्व्हला, मग ऑटोला लावली.

माणसांचं. त्यांना काहीच न सांगणं सगळ्यात वाईट. २०१९ ला मी सगळ्यांना चहाला बसवून सांगितलं, की दसऱ्यापर्यंतचे पगार वेगळे काढून ठेवलेत, ओव्हरटाइम बंद, आणि कुणाला दुसरीकडं चांगलं मिळत असेल तर जा, मनात ठेवणार नाही. एक चांगला ऑपरेटर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत गेला तो गेलाच, परत आला नाही. बाकीचे थांबले. खंडेनवमीला मशीनची पूजा नेहमीसारखीच केली, नारळ एकच फोडला एवढाच फरक. रिकाम्या वेळात कूलंटच्या टाक्या उपसल्या, लेथचा बेड साफ करून घेतला, फिक्स्चर (नग धरून ठेवायचे साचे) दुरुस्त केली, नव्या कामाची सँपल काढली. माणसाला सकाळी आल्यावर आज काय करायचं हे पाटीवर लिहिलेलं पाहिजे, मग ते काम पैशाचं असो नसो. आणि हे त्यांच्याइतकंच मालकालाही लागू आहे, मोबाईल घेऊन केबिनमध्ये बसलास की संपलं.

डंकवाली_कळंबा

दादा, मी लेथमधली नाही. माझा चटणीचा डंक आहे, मिरची कांडप. पण तुमचं वाचून राहवलं नाही.

आमचा धंदा वर्षातनं तीन महिन्यांचा. होळी झाली की बायका ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी, लवंगी तिखटाला अशा पिशव्या घेऊन रांगेत. मे संपला की शुकशुकाट, मग हळद, धने, शिकेकाई असलं किरकोळ. म्हणजे मला नऊ महिने मंदीच असते, नवीन काही नाही. पण पूर्वी पाच-पाच किलो मिरची आणणारी घरं आता दोन किलो आणतात. यातली मंदी किती आणि घरात माणसंच कमी राहिलीत ते किती, मला अजून कळलेलं नाही. पोरं पुण्याला, मग इथं चटणी खाणार कोण?

काकांनी वहीचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. माणसांना सगळं सांगायचं, हे मात्र मला पटत नाही. माझ्याकडं रोजावर बायका असतात, बाहेरच्या कर्जाचे हप्ते त्यांच्या डोक्यावर. यंदा काम कमी आहे असं म्हटलं की त्या दुसऱ्या दिवशी दुसरीकडं बघणार, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून मी फक्त तारखा सांगते, अमुक तारखेपर्यंत रोज काम आहे, त्यानंतर आठवड्यातनं तीन दिवस. पगारी माणूस आणि रोजावरचा माणूस यात फरक आहे काका.

तुमच्या बायकोबद्दल लिहिलंय ते वाचून बोलते, ताईनं विचारलं नाही म्हणजे तिला माहीत नाही असं समजू नका. किराणा कमी आणलेला तिला दिसतो, तुम्ही जेवणाच्या ताटावर फोन बघता तो दिसतो. आमच्यात ठरलेलं आहे, चहाच्या वेळी हिशोबाचं बोलायचं, आणि रात्री ताट वाढल्यावर धंद्याचा शब्द नाही. नवऱ्याला पहिल्यांदा जमत नव्हतं, आता तोच मला गप्प करतो.

आणि एक. अशा दिवसांत कोण ना कोण येऊन म्हणतं, लागतील तर सांग, मी देतो. शेकडा ५ महिन्याला म्हणजे वर्षाला ६० रुपये झाले शंभराला. पावती नाही, वर कोरा चेक मागतात. गल्लीतल्या भिशीत नंबर आधी घ्या, दागिने बँकेत ठेवा, पण त्या माणसाच्या दारात जाऊ नका. शिशु, किशोर मुद्रा कर्ज बँकेतनं ५ लाखांपर्यंत विनातारण मिळतं, फेऱ्या मारायला लागतात एवढंच.

लेथवाला_उद्यमनगर

काका, ताई, मनापासून आभार. काल रात्री हिला घेऊनच वही मांडली.

भाडं १८,०००. सीएनसीचा हप्ता ४६,०००. तिघांचे पगार ५८,०००. लाईटचा स्थिर आकार ९,०००. अकाउंट्स, फोन, चहा ५,०००. घर ३०,०००. एकूण १,६६,०००. मुख्य नगाचा रेट ४२ रुपये, त्यातले इन्सर्ट, लाईट, कूलंट, टेम्पो मिळून १२ जातात. आधी महिन्याला ७,००० नग जायचे, आता ३,५००. बँकेत मोडता येईल अशी एफडी धरून २,४०,०००. मुदत उलटून गेलेलं येणं ४,४०,०००. परवा कंपनीचा पर्चेसवाला (खरेदी बघणारा) म्हणाला रेट ३४ करा, मग शेड्यूल वाढवतो. किती वाढवतो ते बोलत नाही.

गोकुळशिरगाव_८७

शाब्बास. आता बघ.

नगामागं तुझ्या हातात ३० राहतात. ३,५०० नगांचे १,०५,०००. लागतात १,६६,०००. म्हणजे खड्डा महिन्याला ६१,००० चा. पाचचा नाही, सातचा नाही. बँकेतल्या पैशावर तू साधारण चार महिने बसू शकतोस, आणि अडकलेलं येणं सगळं सुटलं तर अकरा. ना नफा ना तोटा यायला ५,५०० च्या वर थोडे नग लागतात, म्हणजे तुला जुने ७,००० परत यायची वाटही बघायची नाहीये.

३४ चं काय? ३४ ला हातात २२ राहतात. मग तेवढेच पैसे यायला ७,५०० च्या वर नग. तुझा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, चार मिनिटांचा धरला तर एका शिफ्टला दोन्ही मशीनवर मिळून दोनशेच्या आसपास, महिन्याला ५,०००. वरचे अडीच हजार काढायला ओव्हरटाइम नाहीतर दुसऱ्या शिफ्टला माणूस, म्हणजे ते २२ सुद्धा पुरे राहत नाहीत. त्याला सांग, ३९ ला ६,००० नगांचं तीन महिन्यांचं लेखी शेड्यूल दे, करतो. तोंडी शेड्यूलवर रेट कमी करायचा नाही. ३,५०० नगांवर तू ३४ मान्य केलास, तर खड्डा ६१ वरनं ८९ हजारांवर जाईल आणि चार महिन्यांचे तीनही राहणार नाहीत.

पलीकडची_खुर्ची

मी आता एका कंपनीत पर्चेसला आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूनं दोन शब्द. आधी माझं शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ इलेक्ट्रिकल साहित्याचं दुकान होतं. २०१९ ला पाणी आलं, कर्ज काढून परत भरलं. २०२१ ला परत आलं. तिसऱ्यांदा भरलं नाही, बंद केलं. नोकरी लागली, देणी फेडली, जेवण जातं, झोप लागते. हे एवढ्यासाठी सांगतोय की अशा चर्चांत सगळे 'टिकून राहा' म्हणतात. बंद करणारा माणूसही रंकाळ्यावर फिरायला येतो, त्याला कुणी हाकलत नाही.

आपल्याकडं पंचगंगेच्या पाण्याला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर इशारा आणि ४३ ला धोका असतो ना, तशा तुमच्या बँकेतल्या शिलकेला दोन पातळ्या आत्ताच ठरवून टाका, पाणी अंगणात नसताना. दीड लाखावर आलं की एक सीएनसी विकायला काढायचं किंवा भाड्यानं द्यायचं, साठ हजारांवर आलं की माणसांचा हिशोब चुकता करून शटर खाली. पातळी ठरलेली असली की रोज सकाळी 'चालवू का बंद करू' हा प्रश्न पडत नाही. मी ठरवली नव्हती, बायकोनं ठरवलेली होती, म्हणून वेळेत निघालो.

आता पेमेंट कसं अडतं ते. 'वरनं आलं नाही' हे निम्म्या वेळा खरं असतं. उरलेल्या वेळा बिल आमच्याकडंच पडलेलं असतं. पीओचा (खरेदी ऑर्डरचा) नंबर चुकला, बिलावरचे नग आणि गेटवरच्या इनवर्डचे (आत आलेल्या मालाच्या नोंदीचे) नग जुळत नाहीत, रेट सुधारलेला पण पीओ जुनीच, क्वालिटीची सही राहिली. असलं बिल आम्ही परत पाठवत नाही, बाजूला ठेवतो. पेमेंटच्या दिवशी जुळलेली बिलं आधी सुटतात. म्हणून मालकाला फोन करून काही होत नाही. अकाउंट्सला जो मुलगा किंवा मुलगी बिलं चढवते तिला दर सोमवारी बिल नंबरांची यादी मेल करा आणि एवढंच विचारा, यातली चढलेली कुठली आणि अडलेली कुठली. आवाज चढवू नका. त्या मुलीला दिवसभर सगळे ओरडतच असतात.

हिशोबनीस_लक्ष्मीपुरी

कर सल्लागार आहे, पेमेंटच्या मुद्द्यावर भर घालतो. लेथवाले साहेब, तुमची उद्यम नोंदणी (लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? जॉबवर्क करणारे सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसतात, तेव्हा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा, २००६ तुम्हाला लागू आहे. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण ती ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ, व्याज द्यावं लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. महिन्या-दीड महिन्यानं रिजेक्शनची डेबिट नोट (माल नापास म्हणून पैसे कापल्याची चिठ्ठी) टाकणाऱ्यांना हे नम्रपणे दाखवता येतं.

सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, थकीत पेमेंटचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं प्रकरण जातं, आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीला आव्हान देण्यासाठी आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा चांगलाच धारदार आहे. पण एकुलत्या एका गिऱ्हाइकावर तक्रार करणारा जॉबवर्कवाला मी अजून पाहिलेला नाही. तक्रार बहुतेक संबंध संपल्यावरच होते.

म्हणून दुसरा रस्ता, आयकरातली थकीत बिलांची तरतूद, १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४३बी(एच). ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वरच्या मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे ३१ मार्चला तुमचं मुदत संपलेलं बिल थकीत असेल तर त्यांचा नफा तेवढ्यानं फुगतो आणि त्यावर कर बसतो. त्यांचा ऑडिटर मार्चमध्ये हेच शोधत असतो. तुमचं नाव त्याच्या यादीत दिसायला हवं, एवढीच युक्ती. फेब्रुवारीत उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि थकीत बिलांची यादी 'आपल्या नोंदीसाठी' म्हणून पाठवायची. धमकी नाही, तक्रार नाही. डंकवाल्या ताईंना सांगायचं म्हणजे नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्यालाच आहे.

आणि हप्ता चुकेल असं दिसत असेल तर चुकायच्या आधी बँकेत जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जात. त्याच्या आधी अडचणीतल्या लघु उद्योगांसाठी हप्त्यांची फेररचना मागायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. मुदत उलटून गेल्यावर आलेल्या माणसाशी मॅनेजर वेगळ्या आवाजात बोलतो.

पंचगंगा_घाट

मी ताटाबद्दल लिहिलं आणि इथं कायद्याची कलमं सुरू झाली. वाचतोय पण, माझ्याही भावाचं फॅब्रिकेशन आहे.

लेथवाला_उद्यमनगर

पलीकडच्या खुर्चीतल्या साहेबांनी लिहिलेलं वाचून आज अकाउंट्सला यादी मेल केली. तासाभरात उत्तर आलं. चार बिलं अडलीत ती जुन्या पीओमुळं, बाकीची चढलेली आहेत आणि पुढच्या पेमेंटला सुटतील म्हणाली. सुटतील तेव्हा खरं. नवी पीओ पर्चेसकडनं काढून घ्यायची आहे, त्याच वेळी ३९ चं आणि लेखी शेड्यूलचं बोलतो. काका, यार्डात उद्या जाणार आहे, टेम्पोबरोबर मीच बसतो.

दोन पातळ्यांचं हिला सांगितलं. दीड लाख तिला कमी वाटतात, ती म्हणते एक ऐंशी धर. त्यावर आमचा वाद चालू आहे, पण वाद चालू आहे हेच बरंय. सेटरला साखर कारखान्याच्या कामाबद्दल विचारलं तर गडी म्हणतो, वडगावच्या वस्तादाकडं असताना गनमेटलचे बुश त्यानं हातानं काढलेत, माप सांगा फक्त. आज लेथचा चक उघडून बसलाय.

हिशोबनीस साहेब, उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर नंबर छापलेला नाही. बिलबुकं दोन शिल्लक आहेत, परत छापायला नको वाटतं. रबरी शिक्का मारला तर चालेल का?

हिशोबनीस_लक्ष्मीपुरी

चालेल. उद्यम नंबर आणि 'सूक्ष्म उद्योग, उत्पादन' असं शिक्क्यात घ्या, प्रमाणपत्रावर वर्ग जो असेल तोच. शिक्का सगळ्या प्रतींवर मारा, नुसत्या मूळ प्रतीवर नको. जुन्या थकीत बिलांवर आता मारून उपयोग नाही, त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची प्रत मेल करा आणि तो मेल जपून ठेवा.